चारशे पेअरची केबल

पुलाजवळ रात्रीतून टेलिफोनची केबल कापून नेली होती. चारशे पेअरची, म्हणजे तारांच्या चारशे जोड्यांची, पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली. पाऊस लागायच्या तोंडावर हे हमखास होतं, कारण आतलं तांबं भंगारात किलोवर जातं. फायबर सहसा चोरीला जात नाही. क्वचित कुणी चुकून तोडतो, आत काच दिसली की तिथेच टाकून शिव्या देत जात असावा.

मधला तुकडाच गेल्यामुळे नवी केबल टाकून दोन्ही टोकांना जोड घ्यावा लागणार होता. एका जोडात आठशे वायर, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून सोळाशे. पांढऱ्याबरोबर निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी; मग लालबरोबर तेच पाच रंग, मग काळीबरोबर. जेली रॉकेलने पुसायची, एकेक वायर कनेक्टरमध्ये घालून पक्कडने दाबायची. एकदा खड्ड्यात उतरलं की रात्रीच्या भाकरीलाही हाताचा तो वास येतो. हे काम अंगवळणी पडलेले आमचे बहुतेक जॉइंटर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेत.

साहेब आले, खड्ड्यात डोकावले. "यातले चालू नंबर किती?"

"साठेक असतील."

"मग जोडू नका. सगळ्यांना फायबर देऊन टाका."

मला ते पटलं. जोडात पाणी शिरलं की फोन घरघरतो, नळाच्या खोदाईत दर वर्षी केबल तुटते, आणि एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला तांब्यावरून इंटरनेट म्हणजे नुसती थट्टा. कंत्राटदाराची पोरं दुपारी मशीन घेऊन आली. काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा, केसाएवढा. सोलला, पुसला, कापला, मशीनमध्ये ठेवला. मिनिटाच्या आत जोड पक्का. बघत राहावं असं काम. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेतली बरीच दुकानं चालू झाली, पेठेतल्या डॉक्टरांचा दवाखानाही.

दिवेलागणीला वळीव आला आणि लाइट गेली. थोड्या वेळात डॉक्टरांचा मोबाईलवरून फोन.

"अहो भाऊ, तुमचा नवा फोन मुका झाला की!"

"लाइट नाही ना डॉक्टर. तो राउटरचा डबा लाइटवर चालतो."

"जुना तर चालायचा! रात्र रात्र लाइट नसायची, तरी वाडीवरून बाळंतिणीचा फोन यायचा."

यायचाच. जुन्या साध्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्ट त्याच दोन तारांमधून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जायचे. लाइट गेली तर बॅटऱ्या आणि जनरेटर सांभाळायचं काम आमचं. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. ती जबाबदारी आता गुपचूप गिऱ्हाइकाच्या घरात गेली आहे. मोबाईल आहे म्हणावं, तर आमच्या घाटाखालच्या वाड्यांवर टॉवरची बॅटरी उतरली की तोही गेला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ठीक आहे हो. पण सकाळी हे मला कुणी सांगितलं?"

सांगणार कोण? सांगायचा नियम आमच्याकडे कुणी दाखवला नव्हता. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं 2025 अखेर बंद व्हायचं होतं, ती मुदत जानेवारी 2027 पर्यंत पुढे नेली. एकट्या म्हाताऱ्या माणसांची मदतीची बटणं त्याच तारेवर होती, हे त्यातलं मोठं कारण. ज्यांना लँडलाइनशिवाय दुसरा आधार नाही, त्यांचा फोन वीज गेल्यावर निदान तासभर चालला पाहिजे, असं तिथल्या नियामकाने कंपन्यांना सांगितलंय. आमच्या तालुक्यात तासाभराने काय होणार म्हणा; पण निदान कुणीतरी विचार केला.

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी राउटरला लावायचा छोटा यूपीएस बसवून दिला. पैसे त्यांचेच.

नव्या कनेक्शनच्या अर्जात नाव, पत्ता, आधार, प्लॅन, सगळ्याला रकाना आहे. घरात इन्व्हर्टर आहे का, याला नाही. मी विचारतो आणि पेनने समासात लिहितो. साहेबांना ते आवडत नाही, कारण ऐकून काही गिऱ्हाइकं म्हणतात, मग आमची जुनीच राहू द्या.