आमची वाटचाल : घाट उतरता उतरता शिकलेला धंदा

आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन कारागीर आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात एक जुना ब्रेक पॅड देते. काचेसारखा गुळगुळीत झालेला, कडेला बारीक तडे गेलेला. आमच्या पहिल्या कॅम्परचा, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा व्हॅनचा आहे तो. आमची फर्म कागदोपत्री त्याच्या आधी सुरू झाली होती, पण आज जे काम करतो ते खऱ्या अर्थाने त्या पॅडपासून सुरू झालं.

त्याआधी मी फर्निचर करायचे आणि माझ्या नवऱ्याचं गॅरेज होतं. एकाने जुनी व्हॅन आणली, मागे झोपण्यापुरती सोय करून मागितली. ती करताना दोघांनाही इतका आनंद झाला की पुढे हेच करायचं ठरलं. साठवलेले पैसे घातले, कर्ज काढलं आणि विकण्यासाठी पहिली गाडी बांधायला घेतली.

ती गाडी मी घरासारखी बांधली. १८ मिलिमीटर प्लायवूडची कपाटं, जाड लाकडाचं टेबल, पाण्याच्या १०० लिटरच्या दोन टाक्या. सांधा न् सांधा घट्ट, कुठे फट नाही. विकण्याआधी आपणच वापरून बघू म्हणून आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि सासूबाई निघालो. आधी डोंगर, मग किनारा, बारा दिवसांचा बेत.

चढाला गाडी दमत होती. उंचीवर हवा विरळ होते, टर्बो (जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणून आम्ही तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. खरा प्रश्न उताराला आला. सलग वळणं, मागे सगळा संसार. अर्धा घाट उतरल्यावर जळका, उग्र वास आला आणि नवरा शांतपणे म्हणाला, "पेडल खाली जातंय." त्याने गाडी खालच्या गिअरवर घेतली, हँडब्रेकची मदत घेत एका रुंद जागी कडेला लावली. मी उतरून चाकांना दगड लावले. सासूबाई मुलांना घेऊन रस्त्यापासून दूर बसल्या. धाकटीने विचारलं, "चाकातून धूर का येतोय?" त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नंतर कागदावर मांडलं. साडेतीन टनांची गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, ती जवळजवळ एक लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी असते. त्यातली थोडी हवेत आणि टायरमध्ये जिरते. बाकीची इंजिनाने धरली नाही तर सगळी ब्रेकमध्ये जाते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मानकातली हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. आमच्या व्हॅनचं ऑइल कधी बदललं होतं याची नोंदच नव्हती. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे ट्रकवाले वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. नवऱ्यालाही ते ठाऊक होतं. पण रिकाम्या व्हॅनची सवय झालेल्या हाताला भरलेल्या कॅम्परचा अंदाज आला नाही.

ब्रेक थंड व्हायला दोन तास लागले. खाली पोचल्यावर पहिली गोष्ट केली ती गाडी वजनकाट्यावर नेण्याची. मंजूर वजनापेक्षा ३८० किलो जास्त भरली. त्यात दोनशे किलो नुसतं पाणी, आणि बरंचसं माझं सुतारकाम.

दोन दिवस थांबून ब्रेकचं काम करून घेतलं, निम्मं सामान परत पाठवलं, एक टाकी रिकामी केली आणि बेत पुढे नेला. मुलांची समजूत काढणं हे कारण होतंच, पण अजून काय काय चुकलंय ते मला बघायचं होतं. वर एका रात्री तापमान शून्याच्या खाली गेलं. पहाटे मुलगा उठून म्हणाला, "आई, छत गळतंय." हात लावून पाहिला तर ओल आतली होती. पाच माणसांच्या श्वासातून आणि घामातून एका रात्रीत लिटरभर पाणी सहज निघतं. ते थंड पत्र्यावर जमून थेंब थेंब पडत होतं. मी ज्या घट्ट सांध्यांचा अभिमान बाळगला होता त्यांनीच ती ओल आत कोंडली होती. त्याच सकाळी स्वच्छ ऊन असूनही सोलर पॅनेलवरून बॅटरी चार्ज होईना. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून तिच्यातल्या संरक्षक सर्किटने चार्जिंग तोडलं होतं. शेगडीही धड पेटेना, कारण शेगडीच्या ब्युटेन गॅसची वाफ उणे अर्ध्या अंशाखाली होतच नाही. प्रोपेन हा दुसरा गॅस उणे ४२ अंशांपर्यंत चालतो.

किनाऱ्यावरचे दिवस सुखाचे गेले. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे मुलांनी वाळूत काठ्या रोवून स्वतः शोधलं. पण मिठाने आपलं काम केलंच. परतल्यावर तीन आठवड्यांनी ॲल्युमिनियमच्या खिडकीभोवती, लोखंडी स्क्रू होते तिथे पांढरी भुकटी दिसली. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल असली की त्याची छोटी बॅटरीच होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं, हप्ता तोंडावर होता. तरी ती गाडी आम्ही विकली नाही. नवरा एवढंच म्हणाला, "ज्या गाडीत आपली मुलं परत बसवणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलांना द्यायची नाही." चार महिने उत्पन्न नव्हतं. एका पुरवठादाराने सागरी दर्जाचं, म्हणजे पाण्यात थर न सुटणारं, म्हणून साधं प्लायवूड गळ्यात मारलं, तेही त्याच काळात. मग मी स्वतः तुकडे उकळत्या पाण्यात टाकून तपासायला लागले. अजूनही तपासते.

गाडी पुन्हा बांधली ती वजनाच्या वहीसह. बिजागरीपासून गादीपर्यंत प्रत्येक वस्तू तोलून त्या वहीत लिहायची. प्लायवूड पातळ आणि हलकं, जिथे जोर येतो तिथेच पट्टी. पाण्याची टाकी एकच, दोन चाकांच्या मध्ये खाली, आत आडव्या पडद्या, म्हणजे वळणावर पाणी हिंदकळत नाही. बॅटरी बिछान्याखाली, माणसांच्या उबेत. खाली आणि वर कायम उघडी राहणारी हवेची जाळी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, कारण त्या वायूला वासच नसतो. बाहेरचे स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे, त्यात मॉलिब्डेनम असल्याने मीठ सोसतं. ॲल्युमिनियमला लागतात तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर.

वर्कशॉपच्या भिंतीवर एका घोडागाडीचं चित्र आहे. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून केवळ भटकंतीसाठी ही गाडी बनवून घेतली. नाव 'वाँडरर'. वजन सुमारे दोन टन, ओढायला घोडे. चढावर त्या घोड्यांचं काय होत असेल ते चित्र बघताना मला दर वेळी जाणवतं.

काही कामं आम्ही नाकारली. चालत्या गाडीत मुलांनी मागे पलंगावर झोपून जावं अशी मागणी नेहमी येते. आम्ही बेल्ट असलेल्या, चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्क्या बोल्ट केलेल्या सीटशिवाय एकही माणूस बसवत नाही. एक मोठी ऑर्डर त्यामुळे गेली. त्या महिन्यात पगार उशिरा झाले. कारागिरांना कारण सांगितलं, कुणी कुरकुरलं नाही.

आज आम्ही आठ जण आहोत. थोरला मुलगा वायरिंग करतो. सासूबाई आता प्रवासाला येत नाहीत, पण पडदे त्यांच्याच हातचे असतात, आणि कापड तोलून दिल्याशिवाय त्या शिवत नाहीत.

गाडी ताब्यात देताना आम्ही चावी वर्कशॉपमध्ये देत नाही. पूर्ण कुटुंबाला, त्यांच्या सामानासकट, टाकी भरून, वजनकाट्यावर बोलावतो. आधी पूर्ण गाडी, मग नुसती मागची चाकं. परवा एका कुटुंबाचे २२ किलो जास्त भरले. आजोबांनी स्वतःची लोखंडी पेटी उतरवली आणि नातवाची सायकल राहू दिली. काटा पुन्हा बघितला, वहीत आकडा लिहिला आणि मग नवऱ्याने चावी त्यांच्या हातात दिली.