पॉपी पेरायची ती दिवाळीनंतर

सोलापुरात पॉपी येत नाही, असं मला नर्सरीवाल्यांनी सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, बागेचं वेड असणाऱ्या मैत्रिणींनीही सांगितलं. थंड हवेतलं फूल ते, आपल्या उन्हात कसं टिकणार? मला हे कधीच पटलं नाही. न पटायचं कारण होटगी रोडला दर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उभं असतं. पिवळा धोत्रा. काटेरी पानं, पातळ पिवळी फुलं, देठ मोडला की पिवळा चीक. हा मूळचा मेक्सिकोकडचा आणि पॉपीच्याच कुळातला. (घरात मात्र आणू नका. बी विषारी असतं. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली होती.) एक भावंड आपल्या मुरमाड माळावर कुणी पाणी न घालता फुलतं, मग दुसऱ्याला वेळ बघून पेरलं तर ते का फुलणार नाही? फुलतं. जुळे सोलापुरातल्या माझ्या अंगणात आणि गच्चीवर दर वर्षी फुलतं.

सगळं वेळेवर आहे. दसऱ्याच्या सुमाराला बियांची पाकिटं दुकानात दिसायला लागतात आणि हात शिवशिवतात. पण तेव्हा आपल्याकडे ऑक्टोबर हीट असते. तापलेल्या मातीत पॉपीचं बी नुसतं पडून राहतं. त्याला साधारण १५ ते २० अंशांची गार माती मानवते. रात्री पंखा बंद करून अंगावर चादर ओढावीशी वाटायला लागली, की पेरायचं. म्हणजे दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत. त्यापुढे पेरलं तरी रोप येतं, पण ते कळीवर येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि फुलं बारकी निघतात. आपल्याला जी काही फुलं बघायची ती जानेवारीअखेरपासून होळीपर्यंत.

दिवाळीचाच विषय निघाला म्हणून एक महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. शेजारच्या पद्मशाली अक्का आणि मी दर वर्षी अनारसे एकत्र करतो. खसखशीचं ताट पुढ्यात होतं आणि मी बियांच्या पाकिटाचं बोलत होते. अक्का म्हणाल्या, "अगं, ह्यातलीच चिमूटभर टाक की कुंडीत. पैसे घालवून पाकीट कशाला मागवतीस?"

"अक्का, ही पेरायची नसते. पोलीस केस होईल."

"खसखशीला? काय तरी सांगतीस."

पण ते खरं आहे. आपण खातो ती खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. खायला पूर्ण मोकळीक, पण झाड लावायला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवाना लागतो, आणि तो केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतल्या शेतकऱ्यांनाच देतो. शोभेसाठी दोन रोपं लावली ही सबब चालत नाही. म्हणून पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय बी घेऊ नका. 'पॅपाव्हर ऱ्हीअस' असेल तर बिनधास्त घ्या, ती शेतातली लाल पॉपी. शर्ली नावानं मिळते तीही हीच. 'पॅपाव्हर सोम्निफेरम' लिहिलं असेल तर ती अफू. पाकिटावर 'पिओनी पॉपी' किंवा 'ब्रेडसीड पॉपी' असं गोंडस नाव आणि भरगच्च पाकळ्यांचा फोटो असला तरी ती अफूच, परत ठेवा. रोप वाढल्यावरही फरक ओळखता येतो. ऱ्हीअसची पानं हिरवी, कातरलेली, आणि देठावर ताठ केसांची लव असते. अफूची पानं निळसर राखाडी, गुळगुळीत, मेण चढवल्यागत, आणि देठाला मिठी मारून बसलेली. मिश्र पाकिटातून असं एखादं रोप निघालं तर मी ते लगेच उपटायला सांगेन.

बाकीच्या जातींत कॅलिफोर्निया पॉपी सगळ्यात सोपी. ती खरं तर पॅपाव्हर नव्हेच, त्याच कुळातल्या वेगळ्या प्रजातीची, पण नारिंगी फुलं भरभरून येतात आणि ती ऊनही जास्त सोसते. आइसलँड पॉपीच्या नादाला आपण लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती खरोखरच थंडीतली आहे. ऱ्हीअस मात्र माझ्या जिवाची, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

आपली काळी माती तिला चालत नाही. पाणी धरून ठेवते, आणि वाळली की वर कडक खपली येते. ती फोडून वर यायची ताकद या कोवळ्या अंकुरात नसते. मी एक भाग पोयट्याची माती, एक भाग धुतलेली वाळू आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घेते. खत याहून जास्त नको, नाहीतर पाला माजतो आणि फूल कमी. कुंडी निदान एक वीत खोल हवी, कारण हिचं सोटमूळ सरळ खाली जातं. याच कारणानं ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवायची पद्धत इथं चालत नाही. मूळ दुखावलं की रोप बसतं ते बसतंच. जिथं फूल हवं तिथंच बी.

पेरायच्या आदल्या दिवशी कुंडी भरपूर भिजवून ठेवायची. सकाळी वापसा आलेला असतो, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, वडिलांनी वापशाशिवाय कधी पाभर धरली नाही, मीही धरत नाही. बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजारोंनी बसतं. ते तसंच टाकलं तर एका जागी ढीग होतो. वाटीभर कोरड्या बारीक वाळूत मिसळायचं आणि रांगोळी सोडतात तसं चिमटीतून सोडायचं. वरून तळहातानं हलकं दाबायचं, बस्स. माती पसरायची नाही. या बीला उगवायला उजेड लागतो. अंधारात गाडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं, आणि माती उलथली की उगवतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्समधल्या, तोफांनी उलथलेल्या रानात लाल फुलांचे पट्टे उठले ते याच पॉपीचे.

पेरल्यावर झारी वापरू नका, बी वाहून कडेला जातं. फवारणीच्या बाटलीनं सकाळ-संध्याकाळ नुसता ओलावा ठेवायचा. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडाला घालायची आपल्याकडे सवय आहे, ते इथं घालू नका. त्यात क्षार असतात. बोअरचंच पाणी असेल तर मातीवर पांढरा थर धरतो, तो रोपं थोडी मोठी झाल्यावर हलक्या हातानं खरवडून काढायचा. मुंग्या बी पळवतात, म्हणून कुंडीखाली पाणी भरलेली ताटली. चिमण्यांसाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा.

दोनेक आठवड्यांत हिरवी लव दिसते. दोन-दोन पानांच्या दोऱ्या. इथं पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. म्हणून आता पाणी दिवसाआड आणि फक्त सकाळी. मग विरळणी, जी सगळ्यांच्या जिवावर येते. करा. दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर हवंच, दाटीतल्या रोपाला सुतासारखा देठ येतो आणि एकच फूल. उपटू मात्र नका, शेजारच्याचं मूळ हलतं. छोट्या कात्रीनं बुडाशी कापा.

डिसेंबरभर पानांचा झुबका जमिनीलगत बसून राहतो, काहीच घडत नाही असं वाटतं. मग संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा भरते, आणि त्या गडबडीत कधीतरी मधोमध पहिली कळी दिसते. केसाळ, मान खाली घातलेली. कळ्यांवर मावा आला तर साबणाचं पातळ पाणी फवारते, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं धुते.

उमलायच्या आदल्या दिवशी ही मान वर उठते. बघून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठा. कळीचे दोन हिरवे पापुद्रे असतात, ते बुडाशी सुटतात. फटीतून लाल रंग दिसतो. एक पापुद्रा गळतो, दुसरा काही वेळ टोकाला लटकत राहतो. आत चार पाकळ्या चुरगळून कोंबलेल्या असतात आणि उन्हाबरोबर त्यांच्या सुरकुत्या निघत जातात, तरी पूर्ण कधी जात नाहीत. मध्ये हिरवट बोंड, त्यावर तारेसारख्या रेघा, भोवती केसरांची दाट कडी. एवढ्यात फुलोरी माश्या हजर. या फुलात मध नसतो, त्या येतात त्या परागासाठी, आणि केसरांत अक्षरशः लोळतात. पाकळ्या एक-दोन दिवसांत गळतात. फुलदाणीत ठेवायचं फूल नाही हे, झाडावरच बघायचं.

या माश्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. ऱ्हीअसला स्वतःचा पराग चालत नाही. एकटं रोप कितीही फुललं तरी त्यात बी धरत नाही, म्हणून चार-सहा रोपं जवळ हवीत. आणि म्हणूनच रंग जपणं अवघड. लालच्या शेजारी गुलाबी असली तर पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. शर्ली पॉपीची सगळी गोष्ट हीच आहे. विल्यम विल्क्स नावाचे इंग्लंडमधल्या शर्ली गावचे पाद्री होते. १८८० साली त्यांना बागेच्या कोपऱ्यात रानपॉपींच्या गर्दीत एक फूल दिसलं, लाल, पण पाकळीला बारीक पांढरी किनार असलेलं. त्यांनी त्याच एका फुलाचं बी धरलं, पुढच्या वर्षी पेरलं, किनारवाली तेवढी ठेवली, बाकीची काढली. असं वर्षामागून वर्ष. त्यातून गुलाबी आल्या, पांढऱ्या आल्या, मधला काळा डागही गेला. ना कुठली प्रयोगशाळा ना काही, रोज सकाळी बागेत जाऊन नीट बघणं एवढंच. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

मीही तेच करते. टॉवेल कारखान्यात हिशेब बघते, तिथं रंगीत सुताचे तुकडे पडलेले असतात, ते आणून ठेवते. मनात भरलेल्या फुलाच्या देठाला पाकळ्या असतानाच सूत बांधायचं, नंतर सगळी बोंडं सारखीच दिसतात. जो रंग नको ते रोप पहिलं फूल उमलताच काढायचं, माश्या फिरण्याआधी. गेल्या हंगामात फिकट केशरी फुलाच्या पाकळीला पांढरी कड दिसली, तिला हिरवं सूत बांधलंय.

बोंड तपकिरी झालं आणि हलवल्यावर खुळखुळलं की टोपीखाली बारीक भोकं उघडलेली दिसतात. वारा सुटायच्या आत देठासकट कापून लग्नपत्रिकेच्या पाकिटात उलटं ठेवायचं. आठवडाभरात बी आपोआप खाली पडतं. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल धरते. पाकिटावर रंग आणि साल लिहायचं, कोरड्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. आपला मे महिना त्यांनी बाहेर काढू नये.

यंदा हिरव्या सुताचं बी वेगळं, गच्चीवर पेरणार आहे, अंगणातल्या लालपासून जमेल तेवढं लांब. माश्या गच्चीवरही पोचतातच, पण खालच्या लाल फुलांच्या कळ्या मी तेवढे दिवस खुडून टाकीन. अक्कांना त्यातलं निम्मं बी दिलंय. त्यांच्या गॅलरीला सकाळचं ऊन माझ्यापेक्षा जास्त येतं, तेव्हा पांढरी कड पहिल्यांदा त्यांच्याकडे दिसायची शक्यता जास्त आहे.