खर्ची मिळाली, मजुरी राहिली: माझा अनुभव

माझे वडील सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबसाठी फळ्यांचा साचा बांधण्याचे काम करतात. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका बांधकामावर ठेकेदाराने त्यांच्या टोळीची मजुरी थकवली, तेव्हा थोडे शिकलेली म्हणून कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. ठेकेदार बाजाराच्या दिवशी खर्ची, म्हणजे घरखर्चापुरती उचल देई आणि बाकीचा हिशेब स्लॅब भरल्यावर करू म्हणे. शेवटचा स्लॅब भरला आणि त्याने फोन घेणेच सोडले. बिल्डरच्या कार्यालयात ‘तुमचा व्यवहार ठेकेदाराशी, आमचा काय संबंध?’ एवढेच ऐकायला मिळाले.

संबंध होता. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ नुसार, ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम चालू आहे त्या मालकाला, म्हणजे इथे बिल्डरला, ती द्यावी लागे. त्याच कलमाप्रमाणे ती रक्कम त्याला ठेकेदाराच्या बिलातून कापून घेता येई. मजुरीवाटपाच्या वेळी मालकाचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे, असेही तेच कलम सांगत होते. आमच्या टोळीने असा प्रतिनिधी कधी पाहिला नव्हता, आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे केलेल्या तक्रारीत मी हे आवर्जून लिहिले.

सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर ठेकेदार म्हणाला की ही माणसे नाक्यावरून रोजच्या रोज आणलेली होती आणि खर्ची हीच त्यांची पूर्ण मजुरी होती. हजेरीवही त्याच्याच ताब्यात. वडिलांच्या खिशातल्या डायरीत पेन्सिलीने ‘पूर्ण’, ‘अर्धा’ आणि पुढे उचलीचा आकडा असे, पण ती एकतर्फी नोंद ठरली असती. कामी आले ते वेगळेच कागद: बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळातील नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याची प्रमाणपत्रे, ठेकेदाराने स्वतः सही करून दिलेली. ती पुढे ठेवल्यावर बिल्डरच्या माणसाचा सूर बदलला. बिल्डरने ठेकेदाराचे शेवटचे बिल रोखले आणि मजुरी प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा केली.

तेव्हा किमान वेतनाच्या दाव्याला ६ महिन्यांची मुदत होती, त्यामुळे घाई करावी लागली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती ३ वर्षे आहे. रात्री स्लॅब भरताना केलेल्या जादा कामाचा दुप्पट दर मात्र तडजोडीत सोडावा लागला, आणि वडिलांना ते अजूनही मान्य नाही.