ढोल नक्की कुणी वाजवला?

रात्रीचा दीड वाजलाय, तुमच्याकडे दुपारचे बारा, म्हणजे आईचा कुकर उतरला असेल. मी जागी आहे कारण एका तक्त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

तर इथे कॅनडात एडिटिंगच्या क्लासला मॅशअप करायचा होता. वेगवेगळ्या सिनेमांचे तुकडे, खाली एकच संगीत, तीन मिनिटं, स्वतः शूट केलेलं काही नको आणि संवाद तर अजिबात नको. मला वाटलं हे तर आपलं घरचं काम. कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला आम्ही दुसरं काय करायचो? ज्याच्या लॅपटॉपला रॅम जास्त त्याच्या रूमवर बसायचं, मिळेल तिथून क्लिपा उतरवायच्या, वर गाणं चढवायचं, सकाळी पेनड्राइव्ह घेऊन ऑडिटोरियमला पळायचं. कुठून आणलं हे मला कधी कुणीही विचारलेलं नाही.

आमच्या बाईंना (इथे नावाने हाक मारतात, मला दीड वर्षात जमलेलं नाही, मनात त्या बाईच आहेत) क्लिपा वापरण्याचं काहीच वावडं नाही. उलट त्यांनीच सांगितलं की कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये यासाठी चक्क वेगळं कलम घातलंय, २९.२१, लोक त्याला मॅशअपचं कलमच म्हणतात. पैसे कमवायचे नसतील तर प्रसिद्ध झालेल्या कामातून साध्या माणसाने नवीन काहीतरी बनवायला हरकत नाही. मी मनात म्हटलं वा, सरकारने बसून आमच्या गॅदरिंगचा कायदा केलाय. पण मग अटी आल्या. शक्य असेल तिथे मूळ कुणाचं ते लिहा. मूळ धंद्याला धक्का लागता कामा नये. आणि ज्या कॉपीवरून घेतलंय ती चोरीची नाही असं मानायला काहीतरी आधार हवा. वर डीव्हीडीचं किंवा स्ट्रीमिंगचं डिजिटल कुलूप, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं संरक्षण, फोडायचं नाही ते नाहीच, मग तुमचा हेतू कितीही शुद्ध असो. म्हणजे जेवायला बसा म्हणायचं आणि वाढायचं नाही.

इथे मला जरा आपली बाजू घ्यावीशी वाटली म्हणून घरी येऊन वाचत बसले. आपल्या १९५७ च्या कायद्यात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कॉपी करायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहेच, त्याच्याच जोरावर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टात विद्यार्थ्यांना पुस्तकांतले भाग कॉपी करून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याच्या बाजूने निकाल लागला होता. आणि गंमत म्हणजे आपणही २०१२ मध्येच कुलूप फोडण्याचं कलम आणलं, पण आपल्याकडे हक्क बुडवायच्या हेतूने फोडलं तरच गुन्हा. हेतू विचारतो हो आपला कायदा! हे मी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये फार अभिमानाने सांगितलं. बाई म्हणाल्या छान, पण तू आत्ता ऑन्टारिओत बसली आहेस.

बरं. तो तक्ता, बाईंनी मॅशअपसोबत मागितलेला. प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ: सिनेमा, साल, कुणी केला, कितव्या मिनिटाला कितव्या सेकंदाला, आणि तुमच्याकडची कॉपी कुठून आली. माझ्या मॅशअपमध्ये सत्तावन्न कट आहेत. सत्तावन्न ओळी. एडिटिंगला चार रात्री लागल्या आणि तक्त्याला पाच. दोन सेकंदांच्या क्लिपसाठी पाऊण तास! एका रात्री मी रडकुंडीला येऊन रूममेटला म्हटलं की हा सिनेमाचा कोर्स आहे की तलाठ्याचा, तर ती पंजाबची, तिला तलाठी कळेना, मग पटवारी म्हटल्यावर इतकी हसली की शेवटी तिनेच दहा ओळी भरून दिल्या.

त्यातली एक ओळ मला छळतेय ती सांगून टाकते. एका मराठी सिनेमातला चार सेकंदांचा शॉट आहे, पावसात भिजणारा रिकामा फलाट. तो इथल्या लायब्ररीत नाही, आणि जिथे दिसतो तिथून काढायचा तर कुलूप आलं. माझ्याकडे आहे तो निघताना मैत्रिणीने भरून दिलेल्या पेनड्राइव्हवर, आता तिने कुठून भरला हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तक्त्यात लिहिलंय ‘वैयक्तिक संग्रह’. पेनड्राइव्ह माझाच आहे, संग्रहही वैयक्तिकच आहे, खोटं काय त्यात? चारच सेकंद आहेत. त्या सिनेमाचं तिकीट तर मी दोनदा काढलं होतं.

आता माझा मॅशअप काय होता ते. क्लासमध्ये कुलेशोव्हचा प्रयोग शिकवला होता, रशियातला, शंभर वर्षांपूर्वीचा. एका नटाचा तोच तो कोरा चेहरा, एकदा सूपच्या ताटलीशेजारी लावला, एकदा शवपेटीशेजारी, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. चेहरा बदललाच नव्हता, शेजार बदलला. सगळा क्लास माना डोलावत होता आणि मला एकदम आपली मंदाकिनी आठवली. दादासाहेब फाळक्यांची मुलगी, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली होती, सात वर्षांची. सिनेमा सुरू होतो तोच तिच्या चेहऱ्यावर, कॅमेऱ्यासमोर ती एकेक भाव करून दाखवते. कुलेशोव्हचा नट काहीच न करता सगळं दाखवत होता आणि आमची पोरगी त्याच सुमाराला सगळं करून दाखवत होती. मी नाशिकची आहे, शाळेच्या सहलीला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलेय, आणि खरं सांगते, तिथलं मला फक्त कारंजं आठवतंय. मंदाकिनी मला इथे येऊन, बाहेर उणे अकरा असताना, लॅपटॉपवर नीट भेटली.

तर मी तिचा एकेक भाव घेतला आणि शेजारी ल्युमिएर बंधूंची, म्हणजे सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या त्या फ्रेंच भावांच्या फिल्ममधली, फलाटावर येणारी आगगाडी लावली, तीच जी ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली होती. गाडी येते, ती बघते. गाडी येते, ती हसते, मग घाबरते, मग चिडते. मधे मधे इतर मूकपटांतली माणसं पळतात, चढतात, पडतात. जुन्या फिल्मा सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमच्या आसपास फिरायच्या, आपली एडिटिंगची टाइमलाइन चोवीसची, म्हणून सगळे मुंग्या चावल्यासारखे धावतात, ते मी मुद्दाम तसंच ठेवलं.

कारण खाली ढोल होता. आतेभावाने विसर्जनाच्या मिरवणुकीत नाशिकच्या रविवार कारंजावर फोनवर केलेलं रेकॉर्डिंग, आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलेलं. आवाज फाटलाय, मधेच कुणीतरी ‘ए बाजूला हो’ ओरडतं, पण ताशाची तर्री, म्हणजे ती सलग थरथर, सुरू झाली की हेडफोनमध्येसुद्धा पोटात धडधडतं. ठोक्यावर कट मारला की तो उशिरा वाटतो, दोन फ्रेम आधी मारावा लागतो, हे मला कुणी शिकवलं नाही, ते लहानपणापासून मिरवणुकीत उभं राहून आलंय असं माझं मत आहे. पहिल्यांदा सगळं जुळलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच उभी राहून नाचले. थोडं रडलेही, ते जाऊ दे.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, बघून बाई खूश. मंदाकिनीबद्दल वीस मिनिटं विचारत होत्या, मी अशी ऐटीत सांगत होते की जणू आमच्याच गल्लीत राहायची. मग त्यांनी तक्ता उघडला. संगीताच्या ओळीत मी लिहिलं होतं: रचना पारंपरिक, वादन ढोल पथक, नाशिक. त्या म्हणाल्या, हे वाजवणारे किती जण आहेत? मी म्हटलं असतील चाळीस-पन्नास. मग त्यांना नावं असतील ना?

मला रागच आला. पुन्हा त्यांचं म्हणणं असं की ते मॅशअपचं कलम प्रसिद्ध झालेल्या कामासाठी आहे, घरच्या ग्रुपवरचं रेकॉर्डिंग कुठे प्रसिद्ध झालंय, तेव्हा वाजवणाऱ्यांना विचारावं लागेल. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या फाळक्यांना विचारायला नको आणि माझ्या आतेभावाला विचारायचं! मी तोंडावर काही बोलले नाही पण घरी येईपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात भांडले. आमच्याकडे मिरवणूक रस्त्यावर असते, ती सगळ्यांची असते, ढोल काय सही करून वाजवतात का. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी चिकटवता. वगैरे वगैरे. आणि मग घराच्या किल्ल्या शोधताना लक्षात आलं की दहा वर्षं मी त्या मिरवणुकीला उभी राहिलेय आणि आतेभाऊ सोडून त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

आतेभावाला मेसेज टाकला, घाबरतच. म्हटलं हसतील, पोरगी कॅनडाला गेली आणि परवानग्या मागायला लागली. त्याने पथकाच्या ग्रुपवर टाकला. सकाळी उठले तर एकेचाळीस नावं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, पुढे ढोल, ताशा, टोल, झांज असं लिहिलेलं. दोघांनी फोटो पाठवले, हवे असतील तर म्हणून. एका ताईने लिहिलं होतं की आम्हाला आजपर्यंत नारळ मिळालाय, शाल मिळालीये, नाव कुणी मागितलं नव्हतं.

मग ती नावं मराठीतच टाकायची ठरवली, तर सॉफ्टवेअरने वेलांट्या उचलून भलत्याच अक्षरावर नेल्या, ‘क्ष’चे तुकडे केले, निम्मं पथक ओळखू येईना. शेवटी सेटिंगमध्ये साउथ एशियन म्हणून एक पर्याय सापडला तेव्हा कुठे सगळे माणसात आले. तीन मिनिटांच्या मॅशअपला पन्नास सेकंदांची नामावली. बाई म्हणाल्या चालेल.

अकरा वाजता फायनल एक्स्पोर्ट करून, दात घासून मी झोपायला गेले होते. तेवढ्यात आतेभावाचा मेसेज. एक ध्वजवाला पोरगा राहिलाय, त्याचं नाव टाक. मी म्हटलं अरे माझ्याकडे फक्त आवाज आहे, ध्वजाचा आवाज कुठे आलाय त्यात? तर म्हणतो, तो समोर ध्वज नाचवत होता म्हणून तर हे एवढे चेकाळून वाजवत होते.

तर बेचाळीस. पुन्हा एक्स्पोर्टला लावलंय, आत्ता बासष्ट टक्के झालंय, सकाळी नऊला द्यायचंय.