विश्वामित्रीच्या काठावरून

सांगलीहून आईचा फोन आला की दुसरं-तिसरं वाक्य ठरलेलं असतं, "अजून त्या सुसरींच्या मागे फिरतेस का गं?" फिरते. बडोद्यात येऊन चार वर्षं झाली आणि त्यातली तीन वर्षं माझे रविवार इथल्या एका निसर्गमंडळासोबत विश्वामित्रीच्या काठावर जातात.

कृष्णाकाठच्या माणसाला सुसर नवी नाही. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला ती दिसली की घाटावर धुण्याला जाणाऱ्या बायका आठवडाभर पाण्याकडे फिरकत नसत. आपण सरसकट सुसर म्हणतो ती ही मगरच. फरक एवढाच, की इथे ती भरवस्तीत राहते. नदी पावागडच्या डोंगरातून येते आणि शहरातून वळणं घेत जाते. हिवाळ्यात सकाळी काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर उभं राहिलं की खाली चिखलावर आ वासून पडलेली मगर दिसते. ती चवताळलेली नसते. ऊन खाऊन अंग तापलं की तोंड उघडून ती उष्णता बाहेर सोडते. शाळेत मगरीविषयी बोलायला जाते तेव्हा मी सुरुवात इथूनच करते, कारण एवढं कळलं की मुलांच्या मनातली अर्धी भीती जाते. मग खरे प्रश्न सुरू होतात.

सगळ्यात जास्त प्रश्न अंड्यांवर येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. नर होणार की मादी, ते त्या मातीच्या उबेवर ठरतं. दोनेक महिन्यांनी पिल्लं मातीखालूनच ओरडू लागतात. तो आवाज ऐकून आई माती उकरते आणि एकेक पिल्लू जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. त्याच जबड्यात! हे सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

म्हणूनच गेल्या वर्षीचा एक दिवस मनातून जात नाही. काठाची 'सफाई' करायला जेसीबी आला होता. आम्ही पोचलो तोवर उतार खरवडून झाला होता. मातीत पांढरी कवचं पडली होती, बदकाच्या अंड्यापेक्षा थोडी मोठी, आणि एकातून पिवळं वाहत होतं. पलीकडे पाण्यात मादीचे फक्त डोळे आणि नाकपुड्या वर होत्या. ती तासभर हलली नाही. आम्हीही नाही. मगरीला १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सगळ्यात कडक, संरक्षण आहे, पण काठच राहिला नाही तर ती अंडी घालणार कुठे?

ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी गल्ल्यांमध्ये आल्या, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. "बेन, मगर आवी चड्यो छे!" असे फोन रात्रभर चालू होते. (गुजरातीत मगर पुल्लिंगी, मला अजून सवय होत नाही.) पकडायचं काम वनखात्याचं आणि तयारीच्या माणसांचं. आम्ही गर्दी मागे ठेवायची, पोती भिजवून द्यायची. डोळ्यांवर ओलं पोतं पडलं की जनावर बरंचसं शांत होतं. जबडा मिटायची ताकद भयंकर, पण उघडायची इतकी कमी की साधी दोरी पुरते. एका वस्तीत दोरीने बांधलेल्या मगरीपुढे एका आजींनी लांबूनच हात जोडले. इथे मगर खोडियार मातेचं वाहन आहे. माझ्या मते आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्या श्रद्धेने जास्त मगरी वाचवल्या आहेत.

आपल्याकडे कृष्णेत कोणावर हल्ला झाला की "सगळ्या धरून न्या" अशी मागणी होते. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याचा राग मला समजतो. पण एक नेली की तिच्या जागी दुसरी येते. त्यापेक्षा घाटावर पाण्यात जाळीचं कुंपण घालावं, अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये, कोंबड्यांची घाण नदीत टाकू नये. यातलं कुंपण सोडलं तर कशालाच पैसा लागत नाही.

दिवाळीत आठ दिवस सांगलीत आहे. भिलवडी-औदुंबरकडच्या एखाद्या शाळेत ओळख असेल तर कळवा. फोटो आणि पिल्लांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घेऊन येते.