टायरवरचा फुगा आणि कुंभार्ली घाट

२०२४ च्या गणपतीच्या दोन दिवस आधी आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडीत पत्नी, आई आणि माझे मामा होते. पाटण मागे पडले आणि पावसाचा जोर वाढला. रस्त्यावर पाणी साचले की खड्डा कोणता आणि नुसते डबके कोणते हे कळत नाही, आणि तशाच एका डबक्यात पुढचे डावे चाक असे आदळले की स्टिअरिंगला हिसका बसला. गाडी मात्र सरळ चालत होती, कुठे ओढत नव्हती. तरीही तो आवाज मनातून जाईना, म्हणून कोयनानगरच्या पुढे रस्त्यालगत एका चहाच्या हॉटेलसमोर सिमेंटचे सपाट अंगण दिसले तेव्हा गाडी तिथे आत घेतली.

हवा पुरेशी वाटत होती. चाक पुढून पाहिले तर काहीच दिसत नव्हते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरच्या कुशीवरचा, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचा चिखल पुसला, तेव्हा मात्र रिमच्या कडेजवळ अर्ध्या लिंबाएवढा फुगा हाताला लागला. मामांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "हवा आहे ना टायरात? मग चल हळूहळू चिपळूणपर्यंत. एवढ्या पावसात कशाला खटाटोप?" मामांचे म्हणणे सहज पटण्याजोगे होते, कारण आपण सगळेच टायरची पारख हवेवरून करतो. परंतु हा फुगा म्हणजे पंक्चर नव्हे. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची कुशी चिमटली की रबराच्या आतले धागे तुटतात, आणि ज्या धाग्यांनी हवेचा दाब धरून ठेवायचा तेच तिथे उरत नसल्यामुळे रबर बाहेर फुगते. म्हणजे त्या जागी टायर केवळ रबराच्या जाडीवर तगून असतो. पुढे कुंभार्ली घाटाचा उतार होता आणि उतारावर ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्याच चाकांवर येतो. मी मामांना म्हटले, "मामा, घाटात हा फुटला तर गाडी थांबवायला जागासुद्धा मिळायची नाही. तुम्ही हॉटेलात बसून चहा घ्या, मी इथेच स्टेपनी चढवतो."

सगळ्यांना खाली उतरवले. हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि उजव्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावले. अंगण रस्त्याला अगदी लागून असल्यामुळे धोक्याचे दिवे चालू ठेवून लाल त्रिकोणही मागे बराच दूर नेऊन ठेवला. डिकीतले सगळे सामान आणि गौरीच्या साड्यांची पिशवी बाहेर काढल्यावर तळाची स्टेपनी हाती आली, आणि माझी पहिली चूक उघडी पडली. वर्षभर मी तिची हवा तपासलीच नव्हती. मोजली तर २१ पीएसआय निघाली, आणि दाराजवळच्या पट्टीवर ३३ लिहिलेले होते. गाडीत १२ व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप होता म्हणून निभावले.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. वर उचललेले चाक पान्याबरोबर फिरू लागते आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरण्याची भीती असते. माझे नट कुणीतरी हवेच्या गनने इतके आवळले होते की हाताने हलेनात. शेवटी पाना आडवा धरून त्याच्या टोकावर पायाने भार दिला तेव्हा एकेक सुटला. त्यांना फक्त अर्धा वळसा दिला आणि मग दाराखालच्या पट्टीला पुढच्या चाकामागे ज्या दोन खाचा असतात, नेमक्या त्यांच्यामध्ये जॅक लावला. चाक जमिनीपासून सुटल्यावर स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवली, म्हणजे जॅक दगा देऊन निसटला तरी गाडी स्टेपनीवर टेकेल. खराब चाक निघाल्यावर त्या दोघांची अदलाबदल केली. नट हाताने बसवून चाक जमिनीला टेकवल्यावर समोरासमोरच्या क्रमाने आवळले. एकापाठोपाठ एक गोल फिरून आवळले तर चाक हबवर तिरके बसू शकते.

माझ्या गाडीची चाके १८५/६५ आर १५ मापाची, तर स्टेपनी १६५/८० आर १४. आकडे वेगळे दिसत असले तरी हिशेब केला तर दोन्हींच्या उंचीत जेमतेम २ मिलिमीटरचा फरक पडतो. रुंदी मात्र २० मिलिमीटरने कमी, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकडही कमी. स्टेपनीच्या रिमवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली होती. घाटात तिथवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ट्रकना वाट देत देत आम्ही पोफळीला उतरलो.

चिपळूणला पहिल्या दुकानात टायर पाहताच कारागीर म्हणाला, "नवा कशाला घेता साहेब? आतून गेटर लावतो, ट्यूब टाकतो, वर्षभर बघायला नको." काम काही शेकड्यांत होणार होते आणि मोह झाला हे कबूल करायला हवे. परंतु गेटर म्हणजे आतून चिकटवलेले ठिगळ. तुटलेले धागे त्याने जुळत नाहीत. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा गेला असता तर दुरुस्ती मी आनंदाने करून घेतली असती, पण कुशी हा टायरचा सतत दुमडणारा भाग असल्याने तिथली दुरुस्ती मला मान्य नव्हती.

दुसऱ्या दुकानात माप जुळणारा टायर लगेच पुढे आला. त्याच्या कुशीवरचे शेवटचे चार आकडे १४२१ होते, म्हणजे २०२१ च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला, तीन वर्षांहून अधिक काळ पडून असलेला माल. मी ताजा मागितला तेव्हा आतून १९२४ छाप असलेली जोडी आली. मापापुढचे ८८ एच, म्हणजे भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर, हेही जुळवून घेतले. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, आणि हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही.

खरा वाद झाला तो नवी जोडी कुठे लावायची यावरून. दुकानदाराचे म्हणणे, गाडी पुढच्या चाकांवर ओढते, तेव्हा नवे पुढे लावा. मी ती मागे लावायला सांगितली आणि मागचे चांगले दोन टायर पुढे आणवले. पाण्यावरून पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिला सावरणे माझ्यासारख्याला शक्य नाही. त्यांना ते पटले नाही, पण त्यांनी केले तसे. रिमची कड वाकली नसल्याचे पाहून घेतले, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे सगळे धरून अकरा हजारांच्या आसपास खर्च आला.

फुगा आलेला टायर "राहू द्या इथेच" असे म्हणून त्यांनी कोपऱ्यात ठेवला. तो गेटर लावून कुणाच्या तरी गाडीखाली जाईल अशी शंका आल्यामुळे मी कुशीवर आरपार छेद द्यायला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती.

गौरी-विसर्जनानंतर परतलो. कराडला घरी पोहोचल्यावर, नवे चाक शंभरेक किलोमीटर चालले की नट पुन्हा तपासावेत म्हणून पाना काढला. मामा अंगणात खुर्ची टाकून बघत होते. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव वळसा आणखी फिरला.