कॉफी हुंगणारे शिपाई

कॉफी घरात भाजायला घेतली की गल्लीला बातमी लागतेच. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजानं, दुसऱ्या फ्रेडरिकनं, हे बरोबर हेरलं होतं. १७७७ साली त्यानं जाहीरनामा काढला: कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जातो, प्रजेनं बिअर प्यावी, आम्हीही बिअरच्या सूपवरच वाढलो. महाराज स्वतः कॉफीचे शौकीन, ही गोष्ट वेगळी! प्रजेनं ऐकून घेतलं आणि कॉफी पीत राहिली. मग १७८१मध्ये कॉफी भाजण्याचीच सरकारी मक्तेदारी आली. चोरून भाजणारे पकडायला युद्धात जायबंदी झालेले शिपाई नेमले. काम एकच, रस्तोरस्ती हुंगत फिरायचं. रणांगण गाजवून आलेला गडी कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नाक वर करून उभा! लोक त्यांचा मनापासून तिरस्कार करत. मला मात्र त्या बिचाऱ्यांची दयाच येते. १७८६ साली राजा गेला आणि लवकरच ही मक्तेदारीही गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत करानं कॉफी इतकी महागली, की आखेनजवळ बेल्जियमच्या सीमेवरून पोरंटोरंही ती चोरून आणू लागली.

पूर्व जर्मनीची तऱ्हा आणखी न्यारी. १९७५ साली ब्राझीलमध्ये हिमकडाका पडला, मळे करपले, जगभर भाव भडकले. पूर्व जर्मन सरकारकडे परकीय चलनाचा खडखडाट. १९७७मध्ये त्यांनी दुकानांत ‘काफे-मिक्स’ आणलं. त्यात कॉफी ५१ टक्के, बाकी चिकोरी, राय नावाचं धान्य, वाटाणे वगैरे. चिकोरी आपणही गोड मानून घेतो, पण वाटाणे? त्या पिठानं कॉफीची यंत्रं तुंबली. पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकरसाहेब, त्यांच्या राज्यात लोक उघडपणे फार काही बोलत नसत, पण कॉफीवरून तक्रारींची पत्रं धडाधड गेली. पश्चिमेकडच्या नातलगांच्या पार्सलातल्या कॉफीवर तर कित्येकांची भिस्त होती.

अखेर सरकारनं डॉलर न मोजता कॉफी मिळवायची वाट शोधली. १९८०मध्ये व्हिएतनामशी करार झाला. डाक लाक प्रांतात मळे, यंत्रं, कामगारांची घरं यांना पूर्व जर्मनीनं मदत द्यायची आणि बदल्यात अर्धं पीक वीस वर्षं घ्यायचं. कॉफीचं झाड काही पंचवार्षिक योजनेकडे बघून फळत नाही. मळे भरात येईपर्यंत १९९० उजाडलं, आणि ऑक्टोबरात पूर्व जर्मनी नावाचा देशच उरला नाही.

आज व्हिएतनाम कॉफी पिकवण्यात ब्राझीलच्या खालोखाल आहे. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत जर्मनीही आहे, अर्थात बाजारभावानं.